चाकावरच्या मेणबत्त्या

आम्ही साखर कामगारांच्या चळवळीत आयुष्य काढलेली माणसे. धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. तथापि शेजाऱ्याच्या घरातला सण नीट समजून घ्यावा, एवढ्या हेतूने हे चार शब्द.

बारामतीस आमच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी मेजावर हिरव्या पानांचे एक कडे ठेवलेले आम्ही पाहिले. कड्यावर चार मेणबत्त्या, मधोमध पाचवी पांढरी. जळत होती एकच. "बाकीच्या का लावल्या नाहीत?" असे विचारताच तो म्हणाला, "दादा, त्यांचा वार अजून यायचाय."

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळास ॲडव्हेंट, म्हणजे आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, असा प्रकाश वाढत जातो. सोबत शास्त्रपाठ व प्रार्थना होते. आशा, शांती, आनंद व प्रीती असे चार मेणबत्त्यांचे अर्थ पुष्कळ ठिकाणी सांगतात. अनेक मंडळ्यांत तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाची, गुलाबी असते. जांभळा रंग पश्चात्तापाचा. मधली पांढरी ख्रिस्ताची. ती नाताळात लागते. कड्याला आदि नाही, अंत नाही. तसेच देवाचे प्रेम, आणि हिरवी पाने म्हणजे न सुकणारे जीवन, असा भाव आहे.

ही चाल फार जुनी असेल असे आम्हांस वाटले होते. तसे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये गरीब, निराधार मुलांसाठी 'राउहेस हाउस' नावाचे घर काढले. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले सारखी विचारीत, म्हणून १८३९ मध्ये त्याने गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर २४ मेणबत्त्या लावल्या, असे सांगतात : रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या २० लहान तांबड्या. रोज एक पेटे. पुढे घरोघरी चारच राहिल्या, चाकाच्या जागी पानांचे कडे आले, आणि विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ही चाल उचलली.

निराधार लेकरांचे घर आम्हांस परके नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील मुलींना आसरा दिला. गाडीचे चाकही परके नाही. आगमनकाळ येतो तेव्हा बारामती-इंदापुरात ऊसतोड सुरू असते, कोपीतली पोरे आईला विचारतात, "गावी कधी जायचं?" उचल फिटेपर्यंत, पट्टा पडेपर्यंत, एवढेच उत्तर मिळते. मोजता येईल असा दिवस कोणी देत नाही.

येथे स्वतःची चूक सांगितली पाहिजे. एका संपात आम्ही सभासदांना "धीर धरा" एवढेच सांगत राहिलो. किती दिवस, दर आठवड्याला काय साधले, हे सांगितले नाही. माणसे एकेक करून गळाली. दोष आम्ही त्यांना दिला. विखर्नने पोरांना धीराचा उपदेश केला नाही; दिवस मोजून दाखविले, आणि प्रत्येक दिवसाला एक ज्योत दिली.

श्रद्धा ज्याची त्याची. परंतु वाट पाहावयास लावणाऱ्याने वाट मोजून द्यावी, हा धडा त्या कड्यापासून आम्ही घेतला. त्यानंतर कामगारांपुढे तारीख न सांगता आम्ही उभे राहिलो नाही.