भिंतीआडचे उपाहारगृह

उपाहारगृह काढावयाचे म्हटले की इच्छुक उद्योजकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते दर्शनी दालन. मंद दिवे, गुबगुबीत आसने, काचेचे दार आणि दारावरची झळकती पाटी. कर्जाच्या अर्जासोबत बँकेकडे येणारी रंगीत चित्रेही बहुधा याच दालनाची असतात. भटारखान्याचे चित्र त्यांत क्वचितच सापडते. वास्तविक सजावटीचा पैसा सार्थकी लागला की वाया गेला, याचा निर्णय ग्राहकाच्या नजरेस न पडणाऱ्या भागांत होत असतो.

जुन्या मुंबईतील इराणी हॉटेले या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. धोबीतलावावरील कयानी (१९०४) किंवा बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) यांच्या अंतर्गत रचनेकडे आज गतकाळाचे वैभव म्हणून कौतुकाने पाहिले जाते. परंतु या परंपरेतील मालकांचा हिशेब रोकडा होता. संगमरवरी पृष्ठभागाचे टेबल ओल्या फडक्याच्या एका फटक्यात स्वच्छ होते आणि उकळत्या चहाच्या कपाने पोळत नाही. भिंतीवरचे मोठाले आरसे दालन प्रशस्त भासवीत, शिवाय गल्ल्यावर बसलेल्या मालकाला जागेवरूनच सगळी टेबले दिसत. कोपऱ्यावरच्या जागेत उजेड आणि वारा दोन बाजूंनी येई.

त्यांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे कूळ थेट मध्य युरोपात जाते. मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणलेली ‘१४ क्रमांका’ची खुर्ची वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांचीच बनलेली होती. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. वजनाला हलकी, मोडल्यास तेवढाच भाग बदलता येणारी आणि जागा सोडताना सोबत नेता येणारी अशी ती वस्तू होती. यांतला शेवटचा गुण आज विशेष मोलाचा ठरतो.

याचे कारण भाडेपट्टा. जुन्या हॉटेलांपैकी अनेक पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागेत, भाडे नियंत्रणाच्या छत्राखाली चालली. आजचा उद्योजक मात्र पाच किंवा नऊ वर्षांच्या कराराने जागा घेतो आणि त्या परक्या भिंतींत आपले भांडवल अक्षरशः गाडतो. फॉल्स सीलिंग, फरशी, विजेच्या तारा, नळजोडणी, भिंतीत ठोकलेली कपाटे यांपैकी काहीही करार संपल्यावर उचलून नेता येत नाही. नेले तरी त्याला भंगारापलीकडे किंमत नसते. खुर्च्या, शीतकपाटे, गॅसच्या शेगड्या, पोलादी ओटे यांना मात्र जुन्या बाजारात गिऱ्हाईक असते आणि बँकेकडे ती तारण म्हणूनही ठेवता येतात. कर्जाच्या प्रस्तावात या दोन प्रकारच्या खर्चांची बेरीज वेगवेगळी मांडलेली असेल, तर उद्योजकाला आणि बँकेच्या अधिकाऱ्याला जोखीम नेमकी किती आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

एक साधा हिशेब करून पाहता येईल. समजा, पन्नास आसनांच्या उपाहारगृहात भिंतींत जिरणारा खर्च ३० लाख रुपये झाला आणि करार पाच वर्षांचा आहे. म्हणजे प्रत्येक आसनामागे ६० हजार रुपये, महिन्याला १,००० रुपये. व्याज, भाडे, पगार आणि किराणा यांचा विचार होण्यापूर्वीच प्रत्येक खुर्चीने दरमहा एवढी रक्कम मिळवून दिली पाहिजे. काम रेंगाळून उद्‌घाटन सहा महिने पुढे गेले, तर हातात ५४ महिने उरतात आणि हाच आकडा १,१११ वर जातो. रिकाम्या जागेचे भाडे निराळे. म्हणूनच कामाच्या काळापुरती भाडेमाफी मालकाकडून करारातच लिहून घेणे, कर्जाची मुदत भाडेपट्ट्याच्या मुदतीआत बसवणे आणि हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत कामाच्या खऱ्या वेळापत्रकावरून मागणे, या तीन गोष्टी सुताराला बोलावण्याआधी व्हाव्यात.

करासंबंधीची एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांना ५ टक्के दराने वस्तू व सेवा कर लागतो, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. सजावटकाराच्या देयकावरील कर हा अशा वेळी निव्वळ खर्च ठरतो. दरपत्रके ‘कर वेगळा’ अशी असतील, तर अंदाजपत्रकात तो मिळवून घ्यावा लागतो.

आता भटारखान्याकडे वळावे. भटारखाना, भांडी घासण्याची मोरी आणि कोठी यांना मिळून एकूण जागेचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तो कापून दालनात चार टेबले वाढवण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु गर्दीच्या वेळी ऑर्डर वेळेत न निघाल्याने तीच टेबले अडून राहतात. रचनेचे सूत्र सोपे आहे. माल एका बाजूने आत यावा, निवडणे, चिरणे, शिजवणे, वाढणे या क्रमाने पुढे सरकावा आणि उष्टी भांडी परतताना त्याच्या वाटेत येऊ नयेत.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग धुराड्याचा. शेगडीवरचा हूड शेगडीपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा असावा, त्यातील तेलकटपणा अडवणाऱ्या जाळ्या काढून धुता याव्यात आणि डक्ट शक्य तितका सरळ गच्चीच्या वर न्यावा. परंतु जेवढी हवा बाहेर फेकली जाते, तेवढी आत येण्याचीही सोय हवी. ती नसेल तर पंखा कितीही मोठा बसवला तरी धूर हूडखालीच घुटमळतो आणि पुढचे दार उघडायला जड जाते. भटारखान्यातील हवेचा दाब दालनापेक्षा किंचित कमी राखला की फोडणीचा ठसका ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. नवे दालन महिन्याभरात तेलकट वासाने भरून जाते, तेव्हा दोष बहुधा या समतोलाचा असतो. पडदे बदलून तो जात नाही.

जमिनीखालचे काम तर एकदाच करता येते. भटारखान्याच्या फरशीला नाल्याकडे उतार, न घसरणाऱ्या फरशा, खालच्या मजल्यावर पाणी झिरपू न देणारा जलरोधक थर आणि सांडपाण्यातील तेल वेगळे करणारा ग्रीस ट्रॅप, यांत केलेली काटकसर पुढे फरशी फोडून भरून द्यावी लागते, आणि तीही धंदा बंद ठेवून.

दालनातील मापे शरीर ठरवते. टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, आसनाची ४५. मधले ३० सेंटिमीटर चुकले की महागडी खुर्चीही टोचू लागते. बारचा काउंटर १०५ ते ११० सेंटिमीटर उंच असतो, म्हणून त्याचे स्टूल ७५ च्या आसपास. बारच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. मद्यविक्रीचा परवाना मंजूर नकाशाशी बांधलेला असतो. काउंटरची जागा परस्पर हलवणे हा सजावटीचा नव्हे, परवान्याचा प्रश्न होतो.

थोडक्यात किती साधता येते याचे उत्तम उदाहरण तिरुवनंतपुरमच्या बसस्थानकाजवळ, तंपानूर येथे आहे. लॉरी बेकर यांनी रचलेले तेथील इंडियन कॉफी हाउस म्हणजे विटांचा गोल मनोरा आणि त्याच्या आत वळत वर जाणारा एकच अखंड उतार. बाहेरच्या भिंतीलगत टेबले आणि बाके बांधकामातच घडवलेली आहेत. हलवाहलवीचा प्रश्नच नाही. विटांच्या जाळीतून उजेड आणि वारा येतो. अर्थात, अशी चिरस्थायी बांधणी पाच वर्षांच्या भाड्याच्या जागेत करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु उजेड आणि वारा फुकट मिळवण्याची युक्ती कोठेही लागू पडते.

सजावटीतील चूक नेहमीच पैशावर भागत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईतील कमला मिल आवारात, गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. ज्वालाग्राही साहित्याच्या तात्पुरत्या छताने पेट घेतला. बाहेर पडण्याची वाट न सापडलेले काहीजण प्रसाधनगृहाकडे धावले आणि तेथेच गुदमरले. शोभेच्या बांबूच्या चटया, थर्माकोल, आसनांतील फोम, कापडी छत या सर्व वस्तू स्वस्त आणि देखण्या असतात, आणि फोमचा धूर ज्वाळेच्या आधी माणसाला गाठतो. दुसरा जिना, बाहेरच्या दिशेने उघडणारी दारे आणि वीज गेल्यावरही उजळणारे ‘बाहेर’चे फलक यांना सजावटकाराच्या चित्रात क्वचितच मानाचे स्थान मिळते. त्याहून वाईट म्हणजे, परवाना मिळाल्यावर त्याच दुसऱ्या जिन्यात रिकामी पिंपे आणि जादा खुर्च्या रचल्या जातात. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. कर्ज देणाऱ्या शाखेनेही पाहणीच्या वेळी हा जिना स्वतः उतरून पाहावा. विम्याचा दावा कागदांवर ठरतो, पण माणसे बाहेर पडतात ती जिन्याने.

काम पूर्ण झाल्याचे सांगून सजावटकार किल्ल्या हाती देतो, तेव्हा त्याचा सगळा हिशेब चुकता करण्याची घाई करू नये. उद्‌घाटनापूर्वी दोन-तीन दिवस नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना बोलावून सर्व शेगड्या एकाच वेळी पेटवाव्यात, सर्व नळ सोडावेत, सर्व दिवे आणि वातानुकूलन यंत्रे एकदम चालू करावीत. विजेचा भार, धुराडे आणि नाल्या यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. देयकाचे पाच ते दहा टक्के राखून ठेवण्याची तरतूद करारात आधीच असावी आणि ती रक्कम पहिला पावसाळा सरल्यावर द्यावी. डक्ट जेथे छत भेदून बाहेर पडतो ती जागा गळते की नाही, हे त्याआधी समजत नाही.