हप्ता भरण्यापूर्वी दोन सह्या

बिलाशिवाय रक्कम द्यायची नाही आणि रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवायचे नाही, ही शिस्त व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. परंतु त्याच घरातील ज्येष्ठ व्यक्ती दुपारी एकटी असताना एक नम्र आवाज फोनवर सांगतो, ‘आपली मेडिक्लेम पॉलिसी आज सायंकाळी बंद पडेल,’ आणि काही मिनिटांत मोठी रक्कम अनोळखी खात्यात जाते. आरोग्य विम्याच्या नावाने होणाऱ्या या फसवणुकीचे मर्म तंत्रज्ञानात नसून घाई आणि एकटेपणा यांत आहे.

ज्येष्ठांची भीती अनाठायी नसते. उतारवयात पॉलिसी तुटली तर नवी मिळणे अवघड जाते, मिळालीच तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जातो. ठग नेमके याच ठिकाणी बोट ठेवतो. म्हणून नियम ठाऊक असणे हे पहिले संरक्षण होय.

वार्षिक हप्त्याची तारीख चुकली, तरी नूतनीकरणासाठी ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. या मुदतीत हप्ता भरल्यास जुने लाभ टिकून राहतात. मधल्या दिवसांत संरक्षण मिळेलच असे नाही, म्हणून विलंब टाळावाच. पण एका दिवसात सारे बुडेल, ही धमकी खोटी असते. विमा नियामक प्राधिकरण, म्हणजेच इर्डाई, पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करीत नाही. ‘प्राधिकरणातून बोलतो, अडकलेला बोनस सोडविण्यासाठी शुल्क भरा,’ असे ऐकताच फोन ठेवावा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ आहे. त्यानंतरच्या हप्त्यासाठी कोणी जीएसटी मागत असेल, तर त्याचा हेतू उघड आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यासाठी शुल्क नाही. नोंदणीच्या वेळी ओटीपी येतो, म्हणून ती घरच्या माणसासमक्षच करावी.

बँकेत व्हाउचर एक जण तयार करतो आणि दुसरा तपासतो. हा पहिल्यावरचा अविश्वास नव्हे. चूक वेळीच सापडावी, एवढाच हेतू. हीच रीत घरात आणावी. विम्याचा कोणताही हप्ता घरातील दुसऱ्या व्यक्तीला सांगितल्याशिवाय भरू नये, आणि हा नियम तरुणांनीही पाळावा, म्हणजे ज्येष्ठांना तो कमीपणाचा वाटणार नाही. आलेल्या फोनवर व्यवहार न करता पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. सर्व पॉलिसींचे क्रमांक व नूतनीकरणाच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. मोबाइलला जोडलेल्या खात्यात घरखर्चापुरतीच रक्कम ठेवावी. ठेवींचे व निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयपासून दूर असावे.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठविण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व लक्षात ठेवावे: ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

येथे घरच्यांचे वागणे निर्णायक ठरते. ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तेथील वडीलधारी माणसे पुढच्या वेळी मौन धरतात, आणि ते मौन ठगाच्या पथ्यावर पडते. म्हणून आजच आई-वडिलांना सांगून ठेवावे, ‘काहीही झाले तरी आधी आम्हाला सांगा, कोणीही रागावणार नाही.’ आणि तो शब्द पाळावा.