पितृवंशाचा शोध : कचारगडची गुहा आणि ‘वाय’ गुणसूत्र

मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे एरवी निवांत असलेले छोटे स्थानक. माघ पौर्णिमेच्या सुमारास मात्र ते गोंड भाविकांनी गजबजून जाते. सालेकसा तालुक्याच्या या डोंगराळ पट्ट्यातील कचारगडच्या गुहेत कली कंकाली मातेची ३३ मुले कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगोने त्यांना मुक्त करून कुळांत विभागले, अशी श्रद्धा आहे. चार, पाच, सहा, सात देव मानणारे गट त्यातूनच झाले, असे मानतात. कूळ पित्याकडून मिळते आणि देवसंख्या समान असेल तर ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

बापाकडून मुलाकडे चालत येणारी नेमकी हीच रेषा आता जनुकीय चाचणीद्वारेही तपासता येते. पुरुषाच्या पेशीतील ‘वाय’ गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. क्वचित एखादा बदल घडतो आणि तो पुढच्या सर्व पुरुष वंशजांत उतरतो. लाळेच्या नमुन्यातून असे बदल वाचून त्या व्यक्तीचा पितृवंश ‘एच’, ‘ओ’, ‘आर’ अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांपैकी कोणत्या गटात बसतो, हे ठरवले जाते. स्त्रियांमध्ये हे गुणसूत्र नसल्याने त्यांना वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा नमुना द्यावा लागतो.

मात्र हे गट हजारो वर्षे जुने आहेत. गोत्रे, आडनावे, जमाती त्यामानाने कालपरवाच्या. त्यामुळे अहवालात गट कळतो. मडावी की उईके, हे कळत नाही. शिवाय दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. ‘वाय’ गुणसूत्र त्यांतील एकाच पुरुषाविषयी बोलते.

ही एकच रेषा किती फसवी ठरू शकते, याचे उदाहरण मध्य भारतातच आहे. मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांतील बहुसंख्य पुरुषांच्या पितृवंशाचा माग आग्नेय आशियापर्यंत जातो. त्यांचे मातृवंश मात्र प्रामुख्याने भारतीयच आहेत. गोंडांविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, ज्यात हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ सहभागी होते, आणखी एक धक्का दिला. गोंडी ही द्राविडी भाषा असली, तरी तिचे भाषक जनुकीयदृष्ट्या अन्य द्राविडी भाषकांपेक्षा या मुंडा समाजांना अधिक जवळचे आढळले. भाषा आणि रक्त यांचे मार्ग निराळे असू शकतात, ते असे.

महाराष्ट्रात हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत पित्याकडील नातलगांची जुनी कागदपत्रे, विशेषतः १९५० पूर्वीच्या नोंदी, निर्णायक मोलाच्या ठरतात. चालीरीती तपासणारी ‘आप्तभाव’ चाचणीदेखील एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. जनुकीय अहवाल या कागदांची जागा घेऊ शकत नाही. हौसेने चाचणी करणाऱ्यांनी नमुना कोणाकडे राहतो, हेही पाहावे. ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

गोंडांची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या परधानांच्या गायनात जपली गेली आहे. समान देवसंख्येच्या दोन घरांचे गुणसूत्र-गट उद्या भिन्न निघाले, तरी त्या घरांत सोयरीक जुळणार नाही.