संगणकाचे नाव आणि ते ठेवण्याचा अधिकार

जबलपूर नगरीला ‘संस्कारधानी’ हे बिरुद विनोबा भावे यांनी दिले, आणि ते देताना त्यांना कोणाची अनुमती घ्यावी लागली नाही. परंतु तेथील रेल्वे स्थानकावरची पाटी बदलायची म्हटली, तर राज्य सरकारपासून केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत संमती मिळवावी लागेल. नाव उच्चारणे निराळे आणि नाव बदलण्याचा अधिकार असणे निराळे.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. त्याचे एक नाव फाईलमध्ये कायमचे नोंदलेले असते. दुसरे, बिरुदासारखे, केवळ माणसांनी वाचण्यासाठी. आणि तिसरे चालू वेळेपुरते.

समजा, जबलपुरातील एखाद्या महाविद्यालयात चाळीस संगणक आहेत आणि त्यांची कायमची नावे नोंदलेली नाहीत. यंत्र सुरू होताच त्यातील नेटवर्क सेवा मध्यवर्ती सर्व्हरकडे पत्ता मागते. डीएचसीपी या पद्धतीने तो पत्ता देतो व नावही सुचवतो. पत्ता लागू होतो. नाव मात्र ‘लोकलहोस्ट’ असेच राहते, आणि नोंदीत ‘परवानगी नाकारली’ अशी ओळ उमटते. चाळीसही यंत्रांच्या नोंदी एकाच नावाने जमा होऊ लागल्यावर बिघाड कोणत्या यंत्रात आहे, हे कसे ओळखावे?

या नकाराला कारण आहे. यंत्राचे नाव कोणत्याही प्रोग्रॅमला विचारता येते. ते बदलण्याची मुभा कर्नल केवळ व्यवस्थापकीय अधिकार असणाऱ्यालाच देतो. नेटवर्क सेवेला तर बाहेरून येणारा अनोळखी मजकूर सतत वाचावा लागतो. तिला कोणी फसवले तरी सारे यंत्र त्याच्या हाती जाऊ नये, म्हणून ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’सारखी सेवा मुद्दाम अल्पाधिकारी खात्याखाली चालवतात. नावासाठी ती ‘हॉस्टनेमडी’ या दुसऱ्या सेवेकडे विनंती करते, आणि विनंती मान्य करावी की नाही हे ‘पोलकिट’ ठरवतो.

पोलकिट बसवलेलाच नसेल, तर विनंती फेटाळली जाते. त्याला नियम समजत नसेल, तर तो संकेतशब्द मागतो. पण यंत्र सुरू होताना तो द्यायला समोर कोण असणार? पोलकिटचे नियम ०.१०६ या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जाऊ लागले. डेबियनमध्ये मात्र २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपर्यंत ०.१०५ हीच आवृत्ती मुख्यतः चालत राहिली, आणि तिच्यासाठी जुन्या पद्धतीची वेगळी नियम-फाईल द्यावी लागे.

अशा वेळी नेटवर्क सेवेलाच सर्वाधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. पोलकिट बसवून त्या खात्याला नाव बदलण्यापुरती अनुमती द्यावी. अथवा प्रत्येक यंत्राचे कायमचे नाव स्वतः नोंदवून बाहेरून आलेले नाव न स्वीकारण्याची सूचना सेवेला द्यावी. पाटी रंगवणाऱ्याच्या हाती शिडी आणि रंग द्यावा. स्थानकाच्या किल्ल्या देण्याचे कारण नाही.