औषधांचा ताळा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. सेक्टर ६ हा तिचाच एक भाग होय. कारखान्याचे मुख्य रुग्णालय सेक्टर ९ मध्ये आहे. रायपूरची मोठी रुग्णालयेही फार दूर नाहीत. मात्र रोगी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला, की त्याच्या औषधांची माहिती वाटेत गळण्याचा संभव असतो. हा धोका सर्व जगात आढळतो.

समजा, सेक्टर ६ मधील एक निवृत्त कामगार मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत आहे. न्यूमोनियामुळे त्यास रुग्णालयात ठेवावे लागते. घरी परतताना तेच औषध त्याला दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळते. वेष्टन निराळे, नाव निराळे. म्हणून घरातील जुनी गोळी चालू राहते आणि नवीही सुरू होते. हे औषध स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन स्रवावयास लावते. मात्रा दुप्पट झाल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते आणि प्रसंगी प्राणावरही बेतते. याच्या उलटही घडते. शस्त्रक्रियेसाठी थांबविलेले रक्त पातळ ठेवणारे औषध पुन्हा सुरू करावयाचे राहून जाते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

येथे कोणी हयगय केलेली नसते. प्रत्येकाजवळ अर्धीच माहिती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील हानी टाळण्याची जागतिक मोहीम हाती घेतली. तिच्या तीन प्रमुख विषयांपैकी एक आहे रोग्याचे हे स्थलांतर.

यावरील उपाय जमाखर्चाचा ताळा पाहण्यासारखा आहे. रोगी दाखल होताच तो घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करावयाची. ती केवळ आठवणीवर न करता जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची पाकिटे पाहून करावयाची. नवी औषधयोजना तिच्याशी ताडून पाहावयाची. घरी पाठविताना कोणती औषधे चालू, कोणती नवी आणि कोणती बंद, हे कारणांसह लिहून द्यावयाचे. यांपैकी ‘बंद’ हा रकाना विसरला जाण्याचा संभव अधिक, आणि घरातील डब्याला तर तो मुळीच ठाऊक नसतो.

घरच्या माणसांनी पाकिटावरील औषधाचे मूळ नाव वाचावे, आयुर्वेदिक औषधेही यादीत लिहावी आणि शंका आल्यास स्वतःच्या मताने औषध न थांबविता डॉक्टरांस अथवा औषधविक्रेत्यास विचारावे. एक कागद नीट जपला, तर एक जीव वाचू शकतो.