अर्ध्यावर सोडलेली मालिका

नातवंडांच्या आग्रहाखातर आपणांपैकी काहींनी अलीकडे ‘अ‍ॅनिमे’ म्हणजे जपानी चित्रमालिका पाहावयास प्रारंभ केला असेल. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ही त्यांतलीच एक. २०१९ साली आलेले तिचे बारा भागांचे पहिले पर्व कोणालाही खिळवून ठेवील असे आहे. अनाथालयातील मुले जिला ‘मामा’ म्हणून बिलगतात (तेथे मामा म्हणजे आई), तीच त्यांना राक्षसांच्या ताटात वाढण्यासाठी पोसत असते. हे रहस्य पहिल्याच भागात फुटते, म्हणून सांगण्यास हरकत नाही. पुढे एमा, नॉर्मन आणि रे ही अकरा वर्षांची मुले सुटकेचा जो बेत रचतात, तो पाहताना औषधाची वेळही विसरावी.

२०२१ साली दुसरे पर्व आले आणि रसभंग झाला. मूळ चित्रकथेचे एकूण वीस खंड. त्यांतली उरलेली सारी कथा अकरा भागांत गुंडाळली गेली. ‘गोल्डी पाँड’ हे वाचकांचे आवडते प्रकरण तर गाळलेच, आणि अखेरीस मोठमोठे प्रसंग नुसती स्थिर चित्रे दाखवून उरकले.

अशा वेळी आपण काय करता? बहुधा नेटाने पाहत राहता. पानात घेतलेले टाकू नये, हे आपल्या पिढीच्या हाडीमासी खिळलेले आहे. परंतु मालिका म्हणजे पानातले अन्न नव्हे. गेलेले तास शेवटचा भाग पाहिल्याने परत मिळत नाहीत. गंमत अशी की या बाबतीत वय आपल्या बाजूचे आहे. ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांना आणि वृद्धांना विचारले होते : पैसे भरून लावलेला चित्रपट पाच मिनिटांतच कंटाळवाणा वाटला, तर आणखी किती वेळ पाहाल? भरलेल्या पैशांपायी बसून राहण्याची प्रवृत्ती वृद्धांत कमी आढळली. तेव्हा उठावेसे वाटले, तर खुशाल उठावे. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, रात्रीची झोप लांबते, पाय आखडतात. हे सारे न आवडणाऱ्या गोष्टीसाठी कशाला सोसावे?

आता दोन शब्द घरच्यांसाठी. आजोबा मालिका सोडून उठले की ‘त्यांचे मन लागत नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रथम विचारावे, ‘खालची अक्षरे वाचता येतात का?’ जपानी संवादांचे भाषांतर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत झरझर सरकते. मोतीबिंदू वाढत असेल, तर ते निसटते. ध्वनी मराठी वा हिंदी असूनही ऐकू कमी येत असेल, तर कथा निसटते. ‘कंटाळा आला’ असे म्हणणे ‘दिसत नाही’ म्हणण्यापेक्षा सोपे असते. नेत्रतपासणी वा श्रवणतपासणी राहून गेली असेल, तर ती आधी करून घ्यावी.

मात्र मालिकेबरोबर वर्तमानपत्र सुटले, फिरणे सुटले, भजनाला जाणे सुटले, जेवण आणि झोप बिघडली आणि हे दोन आठवडे टिकले, तर ती आवडीनिवडीची बाब राहत नाही. ते नैराश्य असू शकते. कालचा भाग आज मुळीच न आठवणे हेही वारंवार घडू लागल्यास डॉक्टरांच्या कानी घालावे. वय झाले म्हणून दुर्लक्ष करू नये.

राहता राहिली नातवंडाची समजूत. ‘मला आवडत नाही’ एवढेच सांगून खोलीत निघून गेलात, तर त्याला वाटेल, आपलेच चुकले. तो तास सोडू नये, मालिका तेवढी सोडावी. नातीने मूळ खंड वाचले असतील, तर गाळलेले ‘गोल्डी पाँड’ तिच्याच तोंडून ऐकावे; दूरदर्शन संच बंद करून, जेवणानंतर, रोज थोडे थोडे.