जिव्हाळा आणि जरब : जयपूरच्या किशोरवयीनांसाठी नात्यांचे शिक्षण

किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा म्हणजे मारहाण, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तिची सुरुवात मोबाइलचा पासवर्ड मागण्यापासून, कोणाशी बोलावे आणि कोणते कपडे घालावेत याविषयीच्या हुकमांपासून किंवा ‘उत्तर दिले नाहीस तर जिवाचे बरेवाईट करून घेईन’ अशा धमकीपासून होते. संशय ही प्रेमाचीच खूण आहे असे चित्रपटांनी आणि भोवतालच्या समजुतींनी मनावर बिंबवलेले असल्यामुळे ही जरब सोसणाऱ्या मुलीला आणि बसवणाऱ्या मुलालाही तीत काही गैर वाटत नाही. म्हणूनच अभ्यासक या हिंसेत शारीरिक इजा आणि लैंगिक बळजबरी यांच्याबरोबर मानसिक छळ, पाळत आणि खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी यांचाही समावेश करतात.

या विषयाच्या संदर्भात जयपूरचे नाव भारतीय कायद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावात राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, त्यानंतर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. समोरच्या व्यक्तीला नकोसे असलेले वर्तन म्हणजे छळ, हा निकष त्या निकालाने नोकरीच्या ठिकाणांसाठी प्रस्थापित केला. मात्र ज्या वयात हा निकष अंगवळणी पडायला हवा, त्या वयाच्या शाळकरी मुलांपर्यंत तो आजही पुरेसा पोहोचलेला नाही.

जयपूरच्या गोपालपुरा बायपासच्या परिसरातील शिकवणी वर्गांसाठी राजस्थानच्या गावोगावांहून आलेली मुलेमुली वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात, तेथे ओळखी होतात, नाती जुळतात, आणि ती बहुधा घरच्यांपासून लपवलेली असतात. ही गुप्तता हेच छळ करणाऱ्याचे सर्वांत मोठे हत्यार ठरते. ‘तुझ्या घरी सांगेन’ एवढे शब्द पुरेसे असतात, कारण घरी कळल्यास शिक्षण थांबेल आणि लग्न उरकले जाईल, ही मुलीची भीती निराधार नसते : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राजस्थानातील २० ते २४ वयोगटातील २५.४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते. मुलीला वाचवण्यासाठी घराने उभारलेला धाक तिला छळणाऱ्याच्याच उपयोगी पडतो, ही गोष्ट पालकांनी गांभीर्याने विचारात घेण्याजोगी आहे. शिवाय ज्या मुलींची ‘सगाई’ कोवळ्या वयात ठरते, त्यांच्या आयुष्यातले पहिले नाते त्यांनी निवडलेलेच नसते आणि होणाऱ्या नवऱ्याने फोनवरून गाजवलेल्या हुकमतीला दोन्ही घरांची संमती असते. त्यामुळे केवळ शहरी प्रेमप्रकरणे डोळ्यांसमोर ठेवून आखलेला अभ्यासक्रम येथील असंख्य मुलींना स्पर्शही करणार नाही.

शिक्षणाने असे वर्तन बदलते का, या प्रश्नाचे उत्तर आता अनुमानावर अवलंबून राहिलेले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नववीच्या विद्यार्थ्यांना आरोग्याच्या तासिकेत निरोगी नात्यांचे एकवीस पाठ शिकवण्यात आले, तेव्हा अडीच वर्षांनंतर जोडीदारावर शारीरिक हिंसा केल्याचे प्रमाण इतर शाळांत ९.८ टक्के, तर या शाळांत ७.४ टक्के आढळले आणि हा फरक मुलांमध्ये विशेष ठळक होता. राजस्थानला लागून असलेल्या हरियाणातील प्रयोग अधिक जवळचा आहे. तेथे ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सरकारी शाळांतील सातवी-आठवीच्या मुलामुलींशी सुमारे अडीच वर्षे स्त्री-पुरुष समतेवर वर्गात चर्चा घडवून आणली, ३१४ शाळांच्या तुलनात्मक अभ्यासात त्यांची मते अधिक समतावादी झाल्याचे दिसले आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो परिणाम टिकून होता. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमाने हेच काम क्रिकेटच्या प्रशिक्षकांवर सोपवले. मुलगे ज्याचा शब्द मानतात त्याच माणसाने मैदानावर आदर आणि मर्यादा यांविषयी बोलावे, ही त्यामागची दृष्टी होती, आणि जयपूरच्या शाळांनी उचलावी अशी ती सूचना आहे; कारण आजवर सावध राहण्याचे सारे धडे मुलींना दिले गेले आणि मुलग्यांना मात्र वगळले गेले.

सरकारी चौकटीची उणीव नाही. २००७ च्या सुमारास शाळांतील किशोर शिक्षण कार्यक्रमाला राजस्थान आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोध केला होता. परंतु २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात लिंगाधारित हिंसेचा विषय आला आणि २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात परस्परसंबंध आणि समता हे विषय शिकवण्यासाठी प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना तयार करण्याची तरतूद झाली. किशोरांसाठी सल्ला केंद्रेही आहेत; त्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ म्हणतात, तर राजस्थानात ‘उजाला’.

तरीही अडचण आहे ती कायद्याच्या एका गुंत्यात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या लैंगिक संमतीला कायदेशीर अर्थ नाही आणि अशा संबंधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. बालकांच्या संरक्षणासाठी हे बंधन आवश्यक असले, तरी त्यामुळे शिक्षक विषय टाळतात आणि मुले बोलणे टाळतात. म्हणून आपल्याला काय सांगितल्यास काय घडेल, हे शिक्षकाने पहिल्याच तासाला मुलांना प्रामाणिकपणे सांगणे योग्य ठरते.

अशा तासात संमतीचा अर्थ नीट समजावून सांगावा लागतो : दबावाखाली दिलेला होकार हा होकार नव्हे, गप्प राहणे म्हणजे मान्यता नव्हे आणि एकदा दिलेला होकार मागे घेता येतो. नकार पचवण्याची सवय मुलग्यांना शिकवावी लागते. मित्राने कोणाची छायाचित्रे पाठवली तर ती पुढे न पाठवता त्याला थांबवायचे, हेही सरावाने शिकवावे लागते. स्त्रीला नको असताना पुरुषाने तिचा पाठलाग करणे किंवा तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, तर बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे मदतीचे क्रमांक आहेत, एवढी माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावी.

राजस्थानच्या सरकारी शाळांत शनिवार हा दप्तराविना शाळेचा दिवस आहे. त्यातील एक तास या शिक्षणासाठी नियमाने राखून ठेवावा, त्याच्या पहिल्या बैठकीला पालकांना बोलवावे, आणि मुलगी काही सांगू लागली तर तिची शाळा थांबवणार नाही, असा शब्द पालकांनी तिला त्याच दिवशी द्यावा.